मुद्दाम कमी पडलेलं सूत

माझा अंदाज चुकत नाही. फुशारकी नव्हे ही. शंका असेल त्यानं आमच्या बँकेतल्या कुठल्याही साहेबाच्या बायकोला विचारावं. चाळीस माणसांच्या श्रीखंडाला चक्का किती, हॉलच्या पडद्यांना कापड किती, बारा वर्षांच्या पोराच्या स्वेटरला लोकर किती, सगळं मी नुसत्या नजरेनं सांगते, आणि शेवटी चमचाभर किंवा वीतभर उरतं, बास. बदल्यांवर फिरणाऱ्या घरातली बाई हे शिकतेच. दर तीन वर्षांनी दारात ट्रक उभा राहतो, त्यात अर्धी बरणी लोणचं आणि पाव किलो उरलेली लोकर कोण चढवणार? ऑर्डर निघायच्या सुमाराला माझे डबे रिकामे होऊन घासून पालथे पडलेले असायचे. "हिचे डबे वाजायला लागले की समजायचं, बदली आली," असं आमचे हे चारचौघांत सांगून हसायचे.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. स्वतःसाठी एक पट्ट्यापट्ट्यांचा सुती टॉप विणायला घेतला होता. त्याला आठ गोळे सूत लागणार हे मला पहिल्या दिवशी पक्कं ठाऊक होतं. मी दोनच घेतले. पुढे एकेक घेत गेले, आणि दर वेळी तोंड पाडून सांगत गेले की काय करू, अंदाजच चुकला. त्या दुकानात पुन्हा जायला मला कारण हवं होतं. बाकी काही नाही.

जयपूरला आलो तेव्हा आम्ही तिघं होतो. यांचं ऑफिस सी-स्कीमला, मुलाची अकरावी आणि कोचिंग गोपालपुऱ्याला. मुलाची धावपळ नको म्हणून घर गोपालपुऱ्यातच घेतलं. दीड वर्षात यांना बढती मिळाली आणि उचलून गुवाहाटीला टाकलं. मुलाचं वर्ष वाया जायला नको, म्हणून मी आणि तो मागे राहिलो. मग मुलाला पार खाली दक्षिणेत कॉलेज मिळालं आणि तोही गेला. आता मी गुवाहाटीला जायचं, तर यांचं म्हणणं पडलं, "मला इथून वर्षभरात हलवतीलच. तेव्हा नव्या गावी एकदमच जाऊ. दोनदा सामान कशाला हलवायचं?" हिशेब बरोबर होता. यांचे हिशेब कधी चुकत नाहीत. त्या बरोबर हिशेबात मी एकटी जयपूरला राहिले, ट्रकची वाट बघणाऱ्या सामानासारखी.

एकटीला काय, मजाच असेल, असं माझी सांगलीची बहीण फोनवर म्हणायची. मजा! एक वाटी तांदळाचा कुकर लावावा आणि तो तीन वेळा खावा. मराठी कानावर पडावं म्हणून मी कुकरशी बोलायचे, "अरे बाबा, दुसरी शिट्टी कधी देणारेस?" मुलगा रविवारी फोन करायचा, पण त्याचं मराठी म्हणजे, "हां मम्मी, मतलब ठीक आहे ना सगळं," की झालं. एकदा सकाळी भाजीवाल्याला हाक मारायला गेले तर घशातून आवाजच फुटेना. वाटलं, सर्दी झाली. सर्दी कसली मेली! तीन दिवस तोंडच उघडलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, जयपुरात मराठी माणसं कमी आहेत का? आहेत की. बँकेतली आहेत, विम्यातली आहेत, लष्करातली आहेत. गणपतीला भेटतात, मोदक खातात, मुलांना व्यासपीठावर ढकलतात. पण दोष त्यांचा नाही, माझा आहे. भोपाळला मी जिवाची मैत्रीण केली, तीन वर्षांनी ट्रकमागे उभी राहून रडले. हैदराबादला केली, रडले. रायपूरला केली, आणि तिथून निघताना अशी रडले की ड्रायव्हर खाली उतरून पाणी द्यायला आला. त्या दिवशी ठरवलं, आता पुरे. ओळख ठेवायची, हसायचं, बोलायचं, पण जीव लावायचा नाही. हा शहाणपणा घरात माणसं होती तोवर चालून गेला. माणसं गेली आणि मग कळलं की आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय.

दुकान सापडलं ते एका चेनमुळे. कुशनच्या अभ्र्याची चेन तुटली म्हणून होळीनंतरच्या एका गुरुवारी मी बाहेर पडले. आमच्या मागच्या गल्लीत कोचिंगचे क्लास, मुलींची होस्टेलं, डब्यांच्या मेस आणि झेरॉक्सची दुकानं यांची नुसती भाऊगर्दी. त्यांच्यात एक जुनं दुकान अंग चोरून उभं होतं. थंडीत लोकर आणि एरवी दोरे, लेस, बटणं, साडीला फॉल. उन्हाळा लागला म्हणून दारात दुकानदार कूलरच्या गवताच्या जाळ्या विकत होता, सगळं गिऱ्हाईक त्याच्याभोवती. आत कोणी नाही. फक्त एका बैठ्या चौरंगावर त्याची आई बसलेली, सत्तरीच्या पुढची, डोक्यावरून पदर, नाकावर जाड भिंगाचा चष्मा, आणि मागे टेबलफॅन गरगरतोय.

चेन घेतली आणि निघणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या फळीवर सुताचे गोळे दिसले. एक पांढरा आणि एक हिरवा, कोवळ्या कैरीच्या फोडीसारखा. हात आपोआप तिकडे गेला.

"कोणासाठी?" अम्माजींनी विचारलं. आमचं सगळं बोलणं हिंदीतच चालायचं, मधूनच त्या आपल्या गावच्या बोलीत घसरायच्या आणि मला 'बाईसा' म्हणायच्या, म्हणजे आपलं ताई. त्यातलं बहुतेक मी माझ्या भाषेतच सांगते.

"माझ्यासाठी," मी म्हणाले, आणि मलाच नवल वाटलं. तीस वर्षं विणते आहे. नवऱ्याला विणलं, मुलाला विणलं, सासऱ्यांना मफलर, नणंदेच्या तिन्ही बाळांना टोपडी. स्वतःसाठी एक मोजासुद्धा नाही.

अम्माजींनी माझा उजवा हात ओढून घेतला, बोटांवरचा सुईचा घट्टा अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाल्या, "पुराना हाथ है." मग चष्मा वर करून मला आपादमस्तक न्याहाळलं. कित्येक महिन्यांत कुणी माझा हात हातात घेतला नव्हता. मला एकदम भडभडून आलं. चेन घ्यायला आलेल्या बाईनं दुकानात रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी घाईघाईनं म्हणाले, "एक पांढरा द्या, एक हिरवा."

"दोन पुरतील?"

"बघू," मी म्हणाले. हा माझा पहिला खोटेपणा.

घरी येऊन टाके घातले. पट्ट्यांच्या टॉपचा अंदाज काढणं दिसतं तितकं सोपं नसतं. सगळा एका रंगाचा असला तर नमुन्याचा तुकडा विणायचा, वजन करायचं, गुणायचं, झालं. शितावरून भाताची परीक्षा. पट्टे आले की प्रत्येक रंगाचं शीत वेगळं. माझे आठ ओळींचे पांढरे आणि चार ओळींचे हिरवे असे पट्टे होते. बायका इथेच फसतात. दोन रंग म्हणजे अर्धं-अर्धं धरतात, मग हिरवं उरतं आणि पांढरं ऐन गळ्याशी येऊन संपतं. मी पाठीच्या रुंदीचा एक पांढरा आणि एक हिरवा पट्टा विणला, धुऊन वाळवला, कारण सूत पाण्यातून निघाल्यावरच आपलं खरं रूप दाखवतं, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. बारा ग्रॅम. अशा जोड्या पाठीला तेरा, पुढच्या बाजूला तेरा, वर दोन आखूड बाह्यांचे साठ ग्रॅम. पावणेचारशेला थोडं कमी. त्यातलं दोन भाग पांढरं, एक भाग हिरवं. पन्नास ग्रॅमच्या गोळ्यांनी मोजलं तर पाच पांढरे, तीन हिरवे. दुकानात नजरेनं आठ दिसले होते, काट्यावरही आठच आले. "बघा, आहे की नाही!" असं मी मोठ्यानं म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

दुसऱ्या गुरुवारी दुपारी साडेतीनला मी दुकानात. पांढरा अजून अर्धा शिल्लक होता, पण मी म्हणाले, "अम्माजी, सूत कमी पडलं हो."

"कम पड़ गई?" त्यांनी मान हलवली. मागे वळून फळीखाली हात घातला आणि एक पांढरा गोळा काढून माझ्यापुढे ठेवला. मग मी जरा टेकले. गोळ्याच्या निमित्तानं बोलणं सुरू झालं. त्यांचे मालक लुधियानाहून लोकर आणायचे, गाडीत गठ्ठ्यावरच झोपायचे, आणि घरी आले की आठ दिवस अंगाला लोकरीचा वास यायचा, म्हणून त्या त्यांना आधी अंघोळीला पिटाळायच्या. आता तो वास नाकाशी आणायचा म्हटलं तर येत नाही, म्हणाल्या. मी त्यांना आमच्या सांगलीची हळद आणि बेदाणे सांगितले. पंधरा मिनिटं झाली आणि मी उठले. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. वस्तू घेतली की उठावं. बसून राहिले असते तर त्यांना कळलं असतं की या बाईला घरी ना काम ना धाम, आणि कुणी माझी कीव केलेली मला खपत नाही.

पण त्या पंधरा मिनिटांवर मी आठवडे काढायचे, हेही खरं. सोमवारपासून मनात जमवायला लागायचे, या खेपेला काय सांगायचं. अम्माजींनी केरसांगरीचं, म्हणजे इथल्या वाळवंटी फळांचं आणि शेंगांचं, लोणचं कसं घालायचं ते सांगितलं, ते मी घातलं आणि बिघडवलं, ते पुढच्या गुरुवारी त्यांना सांगायचं होतं. वरच्या मजल्यावरच्या होस्टेलातली मुलगी गॅलरीत उभी राहून केमिस्ट्री मोठ्यानं पाठ करते आणि मला आता अर्धी पाठ झालीय, हे सांगायचं होतं. साधी गोष्ट, पण सांगायला माणूस असला की दिवसाला कड येते.

मुलाला एकदा बोलता बोलता सुताचं सांगितलं तर म्हणाला, "मम्मी, ऑनलाइन मागव ना! कल तक आ जाएगा, सगळे रंग." येईल की. उद्या दारात पुडकं पडेल, आणि मी ते उघडेन, आणि मग? त्याला काय कप्पाळ समजणार!

तिसऱ्या वेळी हिरवा घेतला, चौथ्या वेळी पांढरा. दोन वेळांमध्ये मी मुद्दाम दोन-दोन गुरुवार जाऊ दिले, फार दिसायला नको म्हणून. हळू विणायचे. जी बाई टीव्ही बघता बघता आठवड्यात स्वेटर उतरवते, ती एकेका ओळीवर चहा प्यायला लागली. दर वेळी अम्माजी विचारायच्या, "फिर कम पड़ गई?" आणि मी कपाळाला हात लावायचे, "काय करू, अंदाजच येत नाही बघा." हे वाक्य उच्चारताना माझी जीभ जड व्हायची. माझा अंदाज! चुकतो! भोपाळच्या मैत्रिणींनी ऐकलं असतं तर फरशीवर लोळल्या असत्या हसून. अम्माजींचा मात्र न शोधता फळीखाली हात, एक गोळा पुढे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला कधी कधी वाटायचं, ही म्हातारी ओळखून आहे. मग वाटायचं, छे, त्यांना तर धड दिसतही नाही. चौथ्या वेळी बटणाचा पांढरा दोरा म्हणून एका बाईला त्यांनी पिवळा दिला होता, तेव्हा बाहेरून त्यांचा मुलगा किती ओरडला त्यांच्यावर. त्या खाली बघत राहिल्या. मला त्याला दोन शब्द सुनवावेत असं फार वाटलं. सुनावले नाहीत. मी कोण? गिऱ्हाईक.

जूनचा पहिला गुरुवार. आदल्या दिवशी आंधी येऊन गेली होती, गल्लीभर वाळू. मी पदर तोंडावर धरून दुकानात शिरले तर चौरंग रिकामा. टेबलफॅनसुद्धा बंद.

मुलगा जाळ्यांचं माप घेता घेता आत आला. "अम्मा चौमूंला गेली, माझ्या मोठ्या भावाकडे," तो म्हणाला. "आता तिकडेच राहणार. डोळे गेले तिचे, दुकानात बसून काय करणार?" मग फळीखालून एक कागदी पुडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "ये आपका है. अम्मा बोल के गई, मराठी बहनजी को सब एक साथ दे देना. बार-बार चक्कर क्यों काटेंगी."

माझ्या कानशिलात कुणी लगावली असती तरी इतकं लागलं नसतं. मी पैसे दिले आणि निघाले. कशी घरी आले आठवत नाही.

पुडकं उघडलं. दोन पांढरे, एक हिरवा. मी आधी घेतलेले तीन पांढरे आणि दोन हिरवे, अधिक हे. पाच आणि तीन. आठ. माझ्या काट्यावर आलेला आकडा, एक कमी नाही की एक जास्त नाही. म्हणजे बाईला पहिल्यापासून माहीत होतं किती लागणार. आणि मी तिच्यासमोर बसून दर वेळी कपाळाला हात लावून नाटक करत होते!

आधी लाज वाटली. मग राग आला, आणि माझा राग साधा नसतो. चक्कर म्हणे! मी काय फुकट मागायला जात होते? कंटाळा आला होता तर तोंडावर सांगायचं होतं, की बाई, घे एकदाचं सगळं आणि सुटू दे मला. तिच्या मुलासमोर माझी चर्चा झाली असेल. ती मराठीण बघ, काम ना धंदा, एकेक गोळा घ्यायला येते आणि बसते. हसले असतील. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणाले मी, आणि सुया घेऊन बसले. आठ दिवसांत टॉप संपवला. अशी विणत होते की सुयांचा आवाज खालच्या मजल्यावर गेला असेल. शेवटचा टाका बंद केला तेव्हा पांढऱ्याचं वीतभर सूत उरलं. इतका तंतोतंत अंदाज आयुष्यात कधी आला नव्हता. अंगात घालून आरशासमोर उभी राहिले. छान बसला होता. फोटो काढून यांना पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला. मुलाला पाठवला, त्यानं हृदय पाठवलं. मी टॉप काढला, घडी केली आणि पलंगावर पडून ओक्साबोक्शी रडले. टॉपसाठी नव्हे. आता गुरुवारी कुठे जायचं म्हणून.

त्याच आठवड्यात यांचा फोन आला, ऑर्डर निघाली. नागपूर. इतक्या वर्षांनी महाराष्ट्रात. हे हर्षवायू झाल्यासारखे बोलत होते. ट्रक तीन आठवड्यांनी येणार होता. मलाही आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही, पण त्यात एक काटा रुतून बसला होता. त्या म्हातारीला मी नकोशी झाले होते का? एवढं एक कळायला हवं होतं. नाही तर नागपूरला गेले तरी, भोपाळ, हैदराबाद, रायपूर यांच्या ओळीत जयपूरसमोर मला तेवढंच आठवलं असतं, की तिथं एक बाई मला कंटाळली होती. रडून निघणं परवडलं, हे नाही.

दुकानात जाऊन अम्माजींच्या मुलाला पत्ता विचारला. त्यानं संशयानं पाहिलं. "कुछ रह गया क्या?" म्हणाला. मी म्हणाले, "हो, राहिलंय." चौमूंच्या बस अड्ड्यामागे पिठाच्या गिरणीवरचं घर, असं त्यानं सांगितलं.

टॉप घालून निघाले. सीकर रोडची बस, तासाभराचा रस्ता, खिडकीतून तापलेलं वारं, शेजारी मुलाला मांडीवर घेतलेली बाई, तिनं मला कुठं जाताय विचारलं. मी म्हणाले, ओळखीच्यांकडे. म्हणताना वाटलं, हेही खोटंच निघायचं कदाचित.

घर माणसांनी भरलेलं. खाली गिरणीची घरघर, वर टीव्ही, दोन सुना, चार नातवंडं. कुणी कुणाशी काय बोलतंय ऐकू येत नव्हतं. अम्माजी मागच्या सज्जात खाटेवर एकट्या बसल्या होत्या, डोळ्यांवर काळा चष्मा. सुनेनं माझ्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं आणि ती निघून गेली. मी "अम्माजी" म्हणाले मात्र, त्यांनी हवेत हात पुढे केला. "बाईसा? सूत कमी पडलं का गं?"

"नाही," मी म्हणाले. "पुरलं. बरोब्बर पुरलं. तुम्हाला ठाऊकच होतं."

त्यांनी मला जवळ ओढलं आणि टॉपवरून बोटं फिरवली. कडेपासून वरपर्यंत पट्टे चाचपत गेल्या, गळ्याशी थांबल्या. "इथं रागानं विणलंयस. टाके आवळलेत."

मग माझा धीर सुटला. मी कसलीही प्रस्तावना न करता विचारलं, "मी सारखी यायचे त्याचा तुम्हाला त्रास होत होता का? चक्कर म्हणालात तुम्ही. तुमच्या मुलानं सांगितलं मला."

"चक्कर?" त्या क्षणभर गोंधळल्या. "अगं, उन्हातान्हाची तू यायचीस आणि चौरंगावर मी नाही, तर तुला कसं वाटलं असतं? एकदा वाटायचं ते वाटू दे, दर खेपेला नको. म्हणून सगळे एकदम द्यायला सांगितले."

"आणि आठ लागणार हे कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. पन्नास वर्षं माणसांची मापं बघतेय मी. तू दोन घेऊन गेलीस, त्याच संध्याकाळी बाकीचे सहा फळीखाली काढून ठेवले, कुणाला विकले जाऊ नयेत म्हणून."

"मग मला दुसऱ्या खेपेलाच का नाही दिलेत सगळे?"

त्या हसल्या नाहीत. काळ्या चष्म्यामागून माझ्या दिशेला बघत म्हणाल्या, "दे देती तो तू आती? भर गर्मीत लोकरीच्या दुकानात येतं कोण, बाईसा? दिवसभर त्या फॅनचं तोंड बघत बसायचे मी."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच्याबरोबर रागही आला, या वेळी दोघींचा. म्हणजे ती बसली होती तिथं माझी वाट बघत, आणि मी बसले होते इथं गुरुवारची वाट बघत, आणि दोघी मिळून कशाला चिकटलो होतो, तर सुताच्या गोळ्याला! "मग मला बसवून का नाही घेतलंत?" मी जवळजवळ ओरडलेच. "पंधरा मिनिटं झाली की मी उठायचे, तुम्ही एकदाही थांब म्हणाला नाहीत!"

"कशी म्हणणार? तू सारखी घड्याळ बघायचीस," अम्माजी म्हणाल्या. "मैंने सोचा, घर पे कोई राह देखता होगा."

खरं होतं ते. मी घड्याळ बघायचे. माझी कुणीतरी वाट बघतंय असं तिला वाटावं, म्हणूनच बघायचे. आणि तिला तसंच वाटलं.

"कोई नहीं था, अम्माजी," मी म्हणाले. "घरी कुणीही नव्हतं. वर्षभर कुणीच नाही." हे असं तोंडानं मी तोवर कुणाशीच बोलले नव्हते, यांच्याशीसुद्धा नाही.

त्यांनी माझा हात मांडीवर घेतला, तो सोडला नाही. ट्रकचं मी त्यांना सांगितलं, तेव्हाही नाही. जयपूरला परत जाणारी शेवटची बस सात वाजता होती. मी पावणेसातपर्यंत बसले.